"ग्रीन कार्ड येऊ दे, मग लायसन्सचं बघू" म्हणणाऱ्यांसाठी

लग्न होऊन अमेरिकेत राहायला लागलेल्या मुलीला पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे, "ग्रीन कार्ड येऊ दे, मग लायसन्सचं बघू." नवरा म्हणतो, सासरे व्हिडिओ कॉलवर म्हणतात, मंडळातल्या काकू म्हणतात. ग्रीन कार्ड म्हणजे इथे कायम राहायचा परवाना आणि लायसन्स म्हणजे अर्थात गाडी चालवायचं. सगळे काळजीपोटीच म्हणतात. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. का, ते आज एकदाचं लिहून टाकते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

कोणाबद्दल बोलतेय ते आधी सांगते. नवरा अमेरिकन नागरिक, लग्न झालेलं, मुलगी इथेच, आणि तिचा ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज भरून झालेला. कोणी शिकायला आलेली असते, कोणी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, कोणी माझ्यासारखी फियॉन्से व्हिसावर, म्हणजे इथे येऊन नागरिकाशी लग्न करण्यासाठीच्या व्हिसावर. एच-४ वाल्यांचं (एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांचं) दुखणं वेगळं आहे आणि त्यांची रांग तर विचारूच नका. पण निदान त्यांच्या आय-९४ वर, म्हणजे देशात किती दिवस राहता येईल ते सांगणाऱ्या नोंदीवर, पुढची तारीख असते. फियॉन्से व्हिसाचं आय-९४ फक्त ९० दिवसांचं. तेवढ्यात लग्न उरकायचं, अर्ज टाकायचा, आणि ९० दिवस संपले की हातात उरतं काय? वापरून झालेला व्हिसा, तारीख गेलेलं आय-९४ आणि एक पावती.

बहुतेकांना वाटतं की या पावतीवर लायसन्स मिळतच नाही. मिळतं. २००५ च्या रिअल आयडी कायद्यात कोणाकोणाला रिअल आयडी लायसन्स (म्हणजे विमानतळावर ओळखपत्र म्हणून चालणारं) देता येतं याची यादी आहे आणि ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असलेली व्यक्ती त्या यादीत स्वच्छ शब्दांत लिहिलेली आहे. अट एवढीच की लायसन्स तात्पुरतं असेल, त्याच्यावर तसं छापलेलं असेल, आणि मुक्कामाला ठरावीक शेवटची तारीख नसेल तर ते एका वर्षाचं मिळेल. म्हणजे दरवर्षी परत राज्याच्या लायसन्स ऑफिसच्या खिडकीवर जा. कटकट आहे, पण नाही म्हणण्याइतकी नाही. शिवाय कॅलिफोर्निया २०१५ पासून, न्यूयॉर्क २०१९ पासून आणि न्यू जर्सी २०२१ पासून इमिग्रेशनचे कागद न बघताही साधं लायसन्स देतात. ते विमानतळावर चालत नाही, पण ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानाला रिअल आयडी लागायला लागलं तरी आपला भारतीय पासपोर्ट तिथे चालतोच. टेक्साससारख्या राज्यात मात्र कायदेशीर वास्तव्याचा पुरावा दिल्याशिवाय कुठलंच लायसन्स नाही. तिथेही आय-४८५ ची पावती यादीत आहे.

मग अडतं कुठे? एक खिडकीवर आणि दुसरं घरात.

खिडकीवरचं आधी. ती पावती, म्हणजे आय-७९७सी, कधी नीट वाचली आहे का? वरच ठळक अक्षरांत छापलंय की या सूचनेने कुठलाही इमिग्रेशन दर्जा किंवा लाभ मिळत नाही. माझ्या समोरच्या बाईंनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद परत सरकवला. बाई वाईट नव्हत्या. दिवसभरात त्यांच्यासमोर शंभर प्रकारचे कागद येतात आणि हा कागद तर स्वतःच म्हणतोय की माझा काही उपयोग नाही! पुढच्या वेळी मी राज्याच्याच संकेतस्थळावरची कागदांची यादी छापून नेली, आय-४८५ वाली ओळ पिवळ्या मार्करने रंगवली आणि शांतपणे म्हटलं, सुपरवायझरना बोलवता का? सुपरवायझरने वाचलं, बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पाच मिनिटांत माझा फोटो निघाला. फोटो भयाण आलाय, तो भाग वेगळा.

कधी कधी खिडकीवरचा माणूस तयार असतो, पण कॉम्प्युटर "हो" म्हणत नाही. सेव्ह नावाची केंद्र सरकारची पडताळणी व्यवस्था आहे, तिच्यात तुमचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेला नंबर, टाकून तपासतात. जुळलं तर लगेच उत्तर, नाही जुळलं तर केस पुढच्या तपासणीला जाते आणि ते म्हणतात, "कळवू." कळवू म्हणजे काय ते आपल्याला तहसील कचेरीपासून माहीत आहे. तेव्हा पडताळणीचा नंबर मागून घ्या. सेव्ह केसचेक नावाचं पान आहे, तिथे तो टाकला की केस कुठवर आली ते घरबसल्या दिसतं. "झालंय" असं दिसलं की छापा काढून परत जायचं.

आता दोनशे साठ डॉलरची गोष्ट. पूर्वी आय-४८५ बरोबर वर्क परमिटचा अर्ज, म्हणजे आय-७६५, वेगळी फी न भरता जायचा. १ एप्रिल २०२४ पासून तसं नाही. आय-४८५ चे १,४४० आणि वर्क परमिटचे वेगळे २६०. इथे घरोघरी एकच संवाद होतो. "तुला कुठे लगेच नोकरी करायचीय? कशाला उगाच २६० डॉलर?" आणि तो अर्ज वगळला जातो. अरे बाबांनो, ते कार्ड नुसतं नोकरीसाठी नसतं! त्याच्यावर फोटो असतो, ए-नंबर असतो, तारीख असते. खिडकीवरच्या बाईंना ओळखीचं वाटेल असं त्या काळातलं ते एकमेव प्लास्टिक. त्याच अर्जात खूण केली की सोशल सिक्युरिटी नंबरही (नोकरी, कर, बँक सगळीकडे लागणारा सरकारी नंबर) घरपोच येतो. ज्या लग्नात डेकोरेशनवाल्याला लाखाने दिले, तिथे हे २६० डॉलर वाचवण्यात काय शहाणपण आहे मला कळत नाही. या कार्डाची मुदत २०२३ मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढवली होती, डिसेंबर २०२५ पासून नवीन कार्ड जास्तीत जास्त १८ महिन्यांचं केलंय. लायसन्सची तारीख बऱ्याचदा याच कार्डावरून ठरते, म्हणून पुढच्या अर्जाचा हिशोब आधीच लावून ठेवा.

फियॉन्से व्हिसावाल्यांनी सोशल सिक्युरिटी नंबरसाठी एवढंही थांबू नये. आय-९४ ची मुदत शिल्लक असेपर्यंत थेट सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जाऊन नंबर मिळतो. शेवटच्या दोन आठवड्यांवर ढकलू नका, मग ते घेत नाहीत. आल्या आल्या, जेटलॅगमध्येच जा.

नावाचा घोळ तर खास आपला महाराष्ट्राचा. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं. लग्नानंतर हौसेने मधे नवऱ्याचं नाव आणि शेवटी सासरचं आडनाव. मग पासपोर्ट एका नावाचा, लग्नाचा दाखला दुसऱ्या नावाचा आणि बँकेने मधलं नाव उडवून तिसरंच काहीतरी केलेलं. खिडकीवर तुम्ही तीन बायका होऊन उभ्या राहता. माझं स्पष्ट मत आहे की निदान ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत पासपोर्टवरचं नाव सगळीकडे जसंच्या तसं ठेवावं, अगदी वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसकट. सासूबाईंना नवं नाव तांदळावर काढून दाखवा की, तिथे कोणी आयडी मागत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. लायसन्सच्या अर्जात किंवा मशीनवर एक प्रश्न येतो: मतदार म्हणून नोंदणी करायची आहे का? १९९३ च्या कायद्याने हा प्रश्न त्या खिडकीवर आणून ठेवलाय. नवऱ्याने "हो" केलं म्हणून तुम्ही "हो" करू नका. आपण नागरिक नाही. चुकून जरी नागरिक म्हणून सही झाली, तरी तो खोटा दावा धरला जाऊ शकतो, आणि त्यावर ग्रीन कार्ड कायमचं नाकारलं जाऊ शकतं. अवयवदानाचा प्रश्न त्याच्याच आसपास असतो, त्याला बिनधास्त "हो" म्हणा. पण घाईघाईत खाली खाली सरकत "हो, हो, हो" करू नका.

आता घरातलं. इथे माझा आवाज जरा चढणार आहे.

आपल्या मुली काय घाबरट असतात का? सांगलीत मी कॉलेजपासून ॲक्टिवावर होते. मार्केट यार्डातून भाजी, विश्रामबागेत क्लास, आजीला दवाखान्यात मागे बसवून नेणं, सगळं. आणि इथे आल्यावर धने-जिऱ्याची पूड संपली तरी शनिवारची वाट बघायची! कारण फुटपाथ शेजारच्या कॉलनीपाशी संपतो, बस नाही, आणि नवरा म्हणतो, "सोडतो ना मी, तुला कुठे जायचंय सांग." तो मनापासूनच म्हणतो. पण प्रत्येक वेळी कुठे जायचंय हे सांगावं लागणं म्हणजे काय, हे त्याला कळायला त्याची गाडी महिनाभर गॅरेजला टाकली पाहिजे.

गंमत म्हणजे लायसन्ससाठी पत्त्याचा पुरावा मागतात तेव्हा लक्षात येतं की घरात आपल्या नावाचं काहीच नाही. लाइट बिल त्याचं, इंटरनेट त्याचं, घराचा करार लग्नाआधीचा म्हणून तोही त्याचाच. काही राज्यं नवऱ्याच्या बिलाला लग्नाचा दाखला जोडला की चालवून घेतात, काही नाही घेत. म्हणून पहिल्या महिन्यातच जॉइंट खातं उघडा, करारात नाव घाला, गाडीच्या इन्शुरन्समध्ये नाव घाला.

"ग्रीन कार्ड येऊ दे मग" म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट ऐकावं. ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत लग्न खरं आहे हे दाखवायला कागद कुठले नेतात? जॉइंट खातं, घराचा करार, दोघांच्या नावाचा इन्शुरन्स, एकाच पत्त्याची दोन लायसन्सं. म्हणजे लायसन्स ग्रीन कार्डाच्या मागून यायची वस्तू नाहीच, ते त्याच्या फाइलमध्ये आधी लागतं. उलट "जवळच तर जायचंय" म्हणून बिनलायसन्सची गाडी काढलीत आणि पोलिसाने कागद दिला, तर तोही मुलाखतीत विचारला जातो.

भारतातून आणलेलं इंटरनॅशनल परमिट चालतं की, असंही ऐकते. आरटीओचं ते परमिट वर्षभराचं असतं, पण ते मूळ लायसन्सच्या जोडीनेच चालतं आणि मुख्यतः फिरायला आलेल्यांसाठी आहे. एकदा तुम्ही रहिवासी झालात की राज्याचं घड्याळ चालू होतं. कॅलिफोर्निया म्हणतं १० दिवसांत अर्ज करा, टेक्सास ९० दिवस देतं. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडचं कितीजणींचं चारचाकीचं लायसन्स खरं असतं? मोटार ट्रेनिंग स्कूलवाल्या काकांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि क्लच, आपण स्टेअरिंग धरून बसलेल्या, आणि टेस्टच्या दिवशी "मॅडम, फक्त पहिल्या गिअरमध्ये ठेवा." मुलीचं अमेरिकेत ठरलं की दागिन्यांच्या आधी तिला रोज तासभर हायवेवर गाडी चालवायला लावा, असं मी इथून सगळ्या आई-बाबांना सांगते.

इथली परीक्षा अवघड नाही, सवयी अवघड आहेत. इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर फिरतील. चार बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो, आपल्यासारखं "घुसला तो गेला" नाही. मुलं चढ-उतार करणारी पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून उभी असली की समोरून येणारेही थांबतात (मधे दुभाजक असेल तर नियम राज्यागणिक वेगळा, तो वाचून जा). लेन बदलताना आरसा बघून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे. मी तर मान इतकी वळवायचे की परीक्षकालाच वाटलं असेल मागे कोणीतरी ओळखीचं आहे.

आणि नवऱ्याकडून शिकू नका. खरंच नको. चांगला माणूसही बाजूच्या सीटवर बसला की वेगळाच होतो, उगाच दरवाजाचं हँडल धरून बसतो. चार तास पैसे देऊन शिकवणारा लावा, संसार टिकेल.

ग्रीन कार्ड आल्यावरही हे संपत नाही बरं का. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं येतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ही दोन वर्षांची अट काढून टाकायचा अर्ज, भरायचा, मग पुन्हा एक पावती येते, जी जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते. लायसन्सची तारीख तोवर जुन्या कार्डाबरोबर संपलेली असू शकते, आणि खिडकीवर परत कोणीतरी नवीन बसलेलं असतं. पिवळा मार्कर जपून ठेवा.

आमच्या गावातल्या कोणाला पॅरलल पार्किंगचा सराव करायचा असेल तर रविवारी सकाळी शाळेच्या मागचं पार्किंग रिकामं असतं. माझी जुनी कोरोला घेऊन येते, तिला आधीच दोन्हीकडून पोचे आहेत, त्यामुळे संकोच नको. पार्किंगच्या सरावाला लावायचे प्लास्टिकचे कोन माझे, पोहे तुमचे. इनबॉक्समध्ये सांगा. आणि नवऱ्यांनो, तुम्ही फक्त सोडायला या आणि घरी जा.