रविवारच्या बाजारातले दोन तास

आज दुपारी मला एका नामांकित संस्थेतील संशोधक विद्यार्थिनीचा फोन आला. सामाजिक न्याय, शिक्षण, शहरे आणि शाश्वत विकास हे चारही विषय जोडणारा त्यांचा मोठा प्रकल्प आहे आणि त्यासाठी मालवणचा किनारा निवडला आहे. तेव्हा येत्या रविवारी सकाळी मासे विकणाऱ्या दहा-बारा महिला गटचर्चेसाठी दोन तास मिळतील का, असे तिने अत्यंत नम्रपणे विचारले. मुलगी बोलायला गोड होती, म्हणून फोनवर मला रागावता आले नाही. पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ज्यांच्या उपजीविकेचा अभ्यास करायचा, त्यांचा सर्वांत मोठा विक्रीचा वार रविवार असतो, एवढे तरी प्रकल्पाचा आराखडा लिहिणाऱ्याला ठाऊक असू नये का?

काही वर्षांपूर्वी अशीच एक संशोधक माझ्या आतेकडे आली होती. आते जन्मभर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, माशांवर जगली. ती मुलगी दुपारभर आमच्या पडवीत बसली आणि आतेने तिला सगळे उलगडून सांगितले: होडी जाळे सोडत समुद्रातून कशी वळसा घेते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर कसे येतात, ओढणाऱ्यांचा ताल कोण धरतो, आणि मग वाळूवर वाटे कसे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरची बाई नुसती दोराला हात लावून उभी राहिली तरी तिची पाटी रिकामी जात नसे, हे सांगताना आतेने जमिनीवर बोटाने वाटे आखून दाखवले होते. सामाजिक न्याय याहून निराळा काय असतो? ते सगळे त्या मुलीच्या रेकॉर्डरमध्ये गेले आणि परत काही आले नाही.

पुढे पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो शोधनिबंध इंटरनेटवर शोधून काढला. तो इंग्रजीत होता, परदेशी नियतकालिकात होता आणि उघडून वाचण्यासाठी डॉलरमध्ये पैसे मागत होता. आतेने दिलेले ज्ञान आतेच्याच घरी विकत घ्यायचे! केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि २०२५ पासून हजारो नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली, याचे आपण सर्वांनी कौतुक केले. मीही केले. पण त्या दारातून मच्छीमार सोसायटीचा सचिव आत जाऊ शकत नाही आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी मीही जाऊ शकत नाही.

आम्हाला विचारल्याविना आमच्याविषयी निर्णय होतात, ही आमच्या किनाऱ्यासाठी नवी गोष्ट नाही. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. प्रवाळ आणि समुद्री जीव जपायला हवेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांना विश्वासात घेतले गेले नाही, म्हणून मच्छीमारांच्या मनात त्याविषयी जो संशय बसला तो अजून निघालेला नाही. पश्चिम घाटाचेही तेच. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० साली नेमलेल्या तज्ज्ञ गटाचा अहवाल २०११ मध्ये तयार झाला आणि माहितीच्या अधिकाराची लढाई होऊन २०१२ मध्ये लोकांसमोर आला. हा अहवाल लोकांच्या भाषेत गावोगाव न्या, ग्रामसभांत त्यावर चर्चा होऊ द्या, असा आग्रह गाडगीळ धरत राहिले. संशोधकाने असाच आग्रह धरायला हवा. पण असे किती जण आपल्याला आठवतात?

संशोधनाचा उपयोगच होत नाही, असे मी म्हणणार नाही. पर्ससीन मासेमारीवर (मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरून पकडणे) २०१६ मध्ये जे निर्बंध आले, त्यामागे डॉ. सोमवंशी समितीचा अभ्यास होता, हे मान्य करावेच लागते.

पण मग आतेची आठवण येते आणि पुन्हा चीड येते. कारण त्या निबंधात जे लिहिले आहे (भाच्याने कुठूनशी प्रत मिळवून मला वाचून दाखवली), ते चांगले आहे. खरोखर चांगले आहे. रापणीची वाटणी, यांत्रिक नौकांमुळे घटलेली मासळी, मुलग्यांनी मुंबई-गोव्याची वाट धरणे, शाळांची रोडावलेली पटसंख्या, हे सगळे एका धाग्यात गुंफलेले आहे. आमच्या वाडीतील शाळा पटसंख्येअभावी बंद होण्याची भीती आहे. अशा वेळी ग्रामसभेत ती पाने मराठीत आमच्या हातात असती, तर आम्ही नुसत्या भावनेने बोललो नसतो. कामाची गोष्ट लिहिली गेली आणि जिथे कामाला आली असती तिथेच पोहोचली नाही, याचे दुःख मला जास्त आहे.

मला कोणी सांगेल की संशोधकांवर इंग्रजीत छापण्याचे दडपण असते, नोकरी आणि बढती त्यावर ठरते. असेल. पण याच कोकणातील आंबडव्याशी ज्यांचे मूळ जोडलेले आहे, त्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्रबंध इंग्रजीत लिहिले आणि लंडनचे शिक्षण अजून पुरे व्हायचे असताना ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक मराठीत सुरू केले. खोती (कोकणातली जमीनदारीची पद्धत) नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडणारेही तेच. विद्यापीठाला द्यायचे ते विद्यापीठाला दिले आणि आपल्या माणसांना द्यायचे ते त्यांच्या भाषेत दिले. त्यांच्यापुढे अडचणी आजच्या कोणत्याही सहायक प्राध्यापकापेक्षा कमी होत्या, असे कोणी म्हणू शकेल काय?

ती पहिली संशोधक मुलगी वाईट नव्हती, हेही लिहिले पाहिजे. जाताना तिने आतेची पाटी उचलून रस्त्यापर्यंत नेली होती. आते पुढे कितीतरी दिवस मला विचारत असे, “त्या चेडवाचा काय झाला गो? पुस्तक लिवल्यान काय?” तिला पैसे नको होते, नावही नको होते. आपण सांगितले ते नीट उतरले की नाही, एवढेच तिला ऐकायचे होते आणि ते ऐकवायला कोणी आले नाही.

इथल्या माझ्या मित्रयादीत प्राध्यापक आहेत, पीएचडी करणारे आहेत, शहर-नियोजनावर आणि शिक्षणहक्कावर तळमळीने लिहिणारे आहेत. तुमची तळमळ खोटी नाही, म्हणूनच हे तुमच्यापुढे मांडते आहे. गटचर्चा ठेवाल तेव्हा बाजाराचा वार टाळा आणि बाईचा अर्धा दिवस मोडत असेल तर त्याची भरपाई प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात लिहा. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या घरी द्या. निबंध छापून आल्यावर चार पानांचा मराठी गोषवारा करा आणि ग्रामसभेत येऊन तो स्वतः वाचा, लोक चुका काढतील त्या ऐकून घ्या.

ज्यांनी आजवर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर प्रबंध किंवा निबंध लिहिले आहेत, त्यांनी ते मला पाठवावेत. मराठी करण्याचे काम आम्ही काही शिक्षक मिळून करू. मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात एक कपाट रिकामे आहे, तिथे ते ठेवण्याची परवानगी मी सचिवांकडून आजच घेतली आहे. पत्ता इनबॉक्समध्ये देते.