हा पिवळा सैतान आता बास!

१९८७ च्या 'मेगा मॅन' या व्हिडिओ गेममधला तो यलो डेव्हिल! अख्खा बॉस, म्हणजे हा मोठा शत्रू, तुकड्या-तुकड्यांनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला उडतो, आपण नुसत्या उड्या मारायच्या. दोन-चार चुकल्या की खेळ खलास. मारायचं कधी? क्षणभर डोळा उघडला की, तेही डोळ्यावरच! बाकी अंगावर कितीही झाडा, ढिम्म. ही काय लढाई झाली का बे? नुसतं पाठांतर! त्यात मूळ गेममध्ये सेव्ह नाही, मधूनच पुढे सुरू करायला पासवर्ड नाही. सोलापुरातल्या मे महिन्यात लाईट गेली की आधीचे सहाही रोबॉट मास्टर (बॉस रोबॉट) परत पहिल्यापासून! लोक म्हणे, थंडर बीम हे विजेचं शस्त्र सोडून सिलेक्ट, म्हणजे गेम थांबवायचं बटण, दाबत राहा; एकच वार पुन्हा पुन्हा लागतो. का? गेममधली चूक वापरल्याशिवाय सुटका नाही? मला त्याला सरळ लढूनच पाडायचंय!