गुडघ्यांनी पाहिलेलं ऱ्होड्स

लेकीने ऱ्होड्सच्या सहलीचा जो बेत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता त्यात राजवाडा होता, संग्रहालय होतं, निळंशार पाणी होतं, गाढवंसुद्धा होती. ‘पायरी’ हा शब्द मात्र कुठेही नव्हता. ही माहिती दडवण्याची कला तिने वडिलांकडून उचलली आहे. हेसुद्धा कुठल्याही गडाबद्दल ‘सोपा आहे, वरपर्यंत वाट आहे’ एवढंच सांगतात. वाट वरपर्यंत असतेच. प्रश्न आपण वरपर्यंत असतो का, हा आहे.

लेक जर्मनीत नोकरी करते. तिथल्या लोकांना उन्हाळ्यात ग्रीक बेटांवर जाऊन स्वतःला खरपूस भाजून घ्यायची हौस, त्यामुळे थेट विमानं मिळतात. आम्ही तिच्याकडे पोचून बॅगा उघडतोय तोच तिने जाहीर केलं, “आई, आपण ग्रीसला जातोय.” माझ्या डोळ्यांपुढे पांढरी घरं आणि निळे घुमट आले. “ते सान्तोरिनी. आपण ऱ्होड्सला. तिथे किल्ला आहे.” शेवटचं वाक्य खास बापासाठी होतं. ह्यांनी चष्मा काढून हातात घेतला. आमच्या घरात ‘किल्ला’ म्हटल्यावर पुढे चर्चा होत नाही, फक्त सामान भरलं जातं.

लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा फिरायला म्हणून राजगडावर नेणारा हा माणूस. तेव्हा माझे गुडघे तरुण होते, कुणाचंही ऐकायचे. आता ते माझंही ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वयोमानाने झीज. फिजिओथेरपीवाली म्हणते, मांड्या बळकट करा. हे म्हणतात, चालत राहिलं की बरं वाटतं. कोणाला बरं वाटतं ते सांगत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मांद्राकी बंदरावर गेलो. हा भाग सपाट आहे म्हणून मला अतिशय आवडला. एका बाजूला तीन जुन्या पवनचक्क्या, धक्क्याला लागलेल्या बोटी, आणि बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर एक हरीण व एक हरिणी. तिथे उभं राहून लोक धडाधड फोटो काढत होते, पण हरणांचे नाही. हरणांच्या मधल्या हवेचे. कारण जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, ऱ्होड्सचा कोलोसस नावाचा अवाढव्य पुतळा, इथेच उभा होता असं मानतात. एक पाय या धक्क्यावर, दुसरा त्या, आणि मधून गलबतं जातायत, हे चित्र आपण शाळेत पाहिलेलं. ते मात्र पुढच्या लोकांनी कल्पनेने काढलेलं. तो नेमका कुठे उभा होता हे कोणालाच ठाऊक नाही. एक जर्मन गृहस्थ दोन्ही पाय फाकवून बायकोकडून फोटो काढून घेत होते. ते मोकळे होईपर्यंत आमच्या ह्यांनीही पाय थोडे फाकवून ठेवले होते, वेळ वाचावा म्हणून.

पण मला या पुतळ्याबद्दल जे कळलं त्याने मी हललेच. इ.स.पू. 305 मध्ये डिमिट्रियस नावाचा सेनापती या शहराला वेढा घालून बसला. वर्षभर झगडूनही शहर पडेना, तेव्हा तह करून निघून गेला आणि अवाढव्य वेढायंत्रं इथेच टाकून गेला. ऱ्होड्सवाल्यांनी ती भंगारात काढली. त्या पैशांतून लिंडोसच्या कॅरीस नावाच्या शिल्पकाराने बारा वर्षं खपून सूर्यदेवाचा ब्राँझचा पुतळा उभा केला. सत्तर हात उंच, म्हणजे आपल्या हिशोबाने तेहतीसेक मीटर. आणि एवढं सगळं करून तो साठ वर्षंही टिकला नाही. इ.स.पू. 226 च्या सुमाराला भूकंप झाला नि तो कोसळला. कुठून मोडला? स्ट्रेबो नावाच्या जुन्या भूगोलकाराने स्पष्ट लिहून ठेवलंय: गुडघ्यांतून.

मी तिथेच बाकावर बसले. जगातलं आश्चर्य, ब्राँझचं अंग, खुद्द सूर्यदेव, आणि गेला तो गुडघ्यांनी! त्याला दिवसरात्र नुसतं उभं राहायचं होतं, पायऱ्या नव्हत्या, कोणी ‘चल, जरा त्या बुरुजापर्यंत जाऊन येऊ’ म्हणत नव्हतं, तरी ही गत. पुढची हकीकत तर आणखी जवळची. इजिप्तचा राजा टॉलेमी पुतळा पुन्हा उभारायला पैसे द्यायला तयार होता, पण देवाचा कौल विरोधात पडला म्हणून तो तसाच पडू दिला. म्हणजे गुडघेरोपणाचा खर्च करायला राजा तयार, देवाने परवानगी नाकारली. माझ्या बाबतीत देवाची काही हरकत नाही. मेडिक्लेमची आहे.

गंमत पुढे आहे. उभा असताना साठ वर्षंही पुरा न पडलेला हा गडी आडवा पडल्यावर आठशेहून अधिक वर्षं प्रेक्षणीय स्थळ होऊन राहिला. लोक लांबून बघायला यायचे. प्लिनी नावाचा रोमन लेखक लिहितो, की त्याच्या अंगठ्याला कवेत घेणंसुद्धा फार थोड्यांना जमायचं. शेवटी इ.स. 653 मध्ये अरबांनी ब्राँझ विकून टाकलं आणि नऊशे उंटांवर लादून नेलं, अशी बखरकारांची कथा आहे. ती उंटांची बाब मी तपासायला गेले नाही. पण निव्वळ पडून राहून आठशे वर्षं कीर्ती मिळवता येते, हे मी ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, “ऊठ, उजेड आहे तोवर खंदक बघून येऊ.”

दुसऱ्या दिवशी जुनं शहर. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाने, 1309 पासून 1522 पर्यंत इथे राज्य केलं. हे लोक मुळात रुग्णसेवा करणारे, त्यातच लढाया करणारे, आणि साधूंसारखी व्रतं घेतलेले. म्हणजे एकाच माणसाने जखम करायची आणि पट्टीही बांधायची. त्यांच्या भाषांप्रमाणे तुकड्या होत्या. फ्रान्स, इटली, इंग्लंड, जर्मनी, आरागॉन वगैरे. प्रत्येकाची स्वतंत्र धर्मशाळा आणि तटाचा स्वतंत्र हिस्सा. त्यांच्या जुन्या इस्पितळात आता पुराणवस्तू संग्रहालय आहे. इस्पितळ म्हटल्यावर मला क्षणभर आशा वाटली, पण आत दगडाचे रुग्ण होते. कोणाला नाक नाही, कोणाला हात नाही, बऱ्याच जणांना गुडघ्याखाली काहीच नाही. मला बरोबरीच्या लोकांत आल्यासारखं वाटलं.

तिथे एक संगमरवरी ॲफ्रोडायटी आहे. छोटीशीच, हातभर उंचीची. न्हाऊन झाल्यावर उकिडवी बसून दोन्ही हातांनी ओले केस पसरते आहे. दोन हजार वर्षं ती त्या बसणीत आहे. लोक तिचे केस बघत होते, पाठीची वळणं बघत होते. मी तिचा उजवा गुडघा बघत होते. जमिनीला टेकत आलेला, सबंध भार त्याच्यावर, आणि दोन्ही हात केसांत गुंतलेले! उठताना धरणार कशाला? शेजारी ना बादली, ना नळ. लेकीने विचारलं, “आई, आवडली का?” मी म्हटलं, “देवी आहे गं, माणसाचं काम नाही.”

या इस्पितळापासूनच सरदारांचा रस्ता वर चढतो आणि थेट सरदारांच्या महाराजांच्या राजवाड्याशी जातो. दोन्ही बाजूंना त्या धर्मशाळा, भिंतींवर कोरलेली कुळचिन्हं. आणि पायाखाली समुद्रातले गोटे. लहान लहान, एकमेकांना चिकटवून उभे रोवलेले. याला इथे होखलाकी म्हणतात. घरांच्या अंगणांत काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी करतात, ती अगदी दगडी रांगोळीच. बघायला सुरेख. पण रांगोळीवर पाय पडला तर आपण जीभ चावतो; इथे रांगोळीवरूनच चढ चढायचा, आणि तीही शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेली. ही माणसं अंगावर चिलखत घालून यावरून चालायची. इस्पितळ उताराच्या तळाशी का बांधलं असेल, हे मला पन्नास पावलांत उमगलं.

राजवाड्याबद्दल एकच सांगते. धापा टाकत वर पोचल्यावर समजलं की मूळ राजवाडा 1856 च्या दारूगोळ्याच्या स्फोटात बहुतांश उडाला आणि आज दिसतो तो इटालियन लोकांनी 1937 ते 1940 मध्ये, त्यांच्या राजाच्या नि मुसोलिनीच्या मुक्कामासाठी, नव्याने बांधलेला. आतल्या जमिनींवरची जुनी चित्रंही शेजारच्या कोस बेटावरून उचलून आणलेली. आणि मी जुना म्हणून चढले होते! ह्यांना मात्र काही फरक पडला नाही. हे तटावर. तटाखाली कोरडा खंदक, त्यात तोफांचे दगडी गोळे नुसते पडलेले. तुर्की सुलतान सुलेमानच्या फौजेने 1522 मध्ये सहा महिने वेढा दिला, तेव्हा कुठे सरदारांनी शहर सोडलं. ह्यांनी एका गोळ्याजवळ उकिडवं बसून त्याचा घेर वितींनी मोजला (आणि कशालाही न धरता उठले, याची मी नोंद घेतली). मग जंजिऱ्याची आठवण काढली. मग दुहेरी तटबंदीवर बोलले. मी खंदकात सावली शोधून बसले होते. एक मांजर येऊन शेजारी बसलं. ऱ्होड्समध्ये मांजरं फार. बेटाचं मर्म फक्त त्यांनाच कळलेलं दिसतं. सगळी खालीच बसलेली असतात.

जेवणाचं फार सांगत नाही. भात भरून भाजलेले टोमॅटो आणि मोठ्या पांढऱ्या घेवड्याची रस्साभाजी यांवर आम्ही सुखात होतो, आणि तावेर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, खुर्च्या होत्या.

खरी परीक्षा लिंडोसला होती. बसने पन्नासेक किलोमीटर. खाली पांढरं गाव, गल्ल्या इतक्या अरुंद की गाड्यांना मज्जाव, आणि डोक्यावर 116 मीटर उंचीच्या कड्यावर अथेना देवीचं देऊळ. चौकाजवळ गाढवं रांगेत उभी होती. मी मनोमन हुश्श म्हटलं. तेवढ्यात लेकीने मोबाइलमधून नियम वाचून दाखवला. ग्रीक सरकारने 2018 मध्ये ठरवून दिलंय: शंभर किलोपेक्षा जास्त, किंवा गाढवाच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं लादायचं नाही. नियम अगदी योग्य आहे. पण आमच्या घरातला गणिती तिथेच उभा होता. ह्यांनी माझ्या वजनाला पाचाने गुणलं आणि, मोठ्याने, “साडेतीनशे किलोचं गाढव लागेल,” असं सांगितलं. मराठी कळणारं तिथे कोणी नव्हतं, पण पहिल्या गाढवाने माझ्याकडे बघून मान फिरवली.

चालत निघाले. चढाच्या कडेला बायका भिंतीवर भरतकामाचे टेबलक्लॉथ पसरून बसलेल्या. मी चटकन युक्ती काढली: दम लागला की टेबलक्लॉथ बघायचा. दर वळणावर मी कापड हातात घेऊन किनार तपासत होते, उलटून टाके बघत होते. हे वर जाऊन थांबत, घड्याळ बघत. काळे कपडे घातलेल्या एका म्हातारीने माझा डाव ओळखला. तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यांवर दोन चापट्या मारल्या आणि “पो-पो-पो!” म्हणून आपलं प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवलं. आम्ही दोघींनी हातवाऱ्यांनी गुडघ्यांवर बराच वेळ चर्चा केली. तिचा डावा जास्त दुखतो, माझा उजवा. अखेर टेबलक्लॉथ घ्यावाच लागला. घरी सहा माणसांचं टेबल आहे, कापड बारा माणसांचं आहे.

दरवाजातून आत गेल्यावर कड्यात कोरलेला जहाजाचा मागचा भाग दिसतो. पायथोक्रिटोस नावाच्या शिल्पकाराचं काम, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, एका नौदल सेनापतीच्या सन्मानासाठी. फार देखणं. शिवाय ते पायऱ्या सुरू होतात तिथेच आहे, त्यामुळे मी ते इतका वेळ पाहिलं की एका पर्यटक जोडप्याने मला माहितगार समजून प्रश्न विचारला. मग सरदारांच्या जिन्याने वर, मग मोकळं पटांगण, मग आणखी रुंद, आणखी जुना जिना, आणि सर्वांत वर देवी. आपल्याकडे काय, ग्रीसमध्ये काय, देवीला खाली करमत नाही. वरून सेंट पॉलचं छोटं गोल आखात दिसलं, हिरवंनिळं, तळ दिसावा इतकं स्वच्छ. तिथे पोहणारी माणसं टिंबांएवढी होती आणि त्यांतला एकही जण काही चढत नव्हता.

उतरण्याबद्दल मी लिहिणार नाही. गुडघेवाल्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

परतीच्या बसमध्ये मी पाय लांब करून डोळे मिटले होते. वाटेत लेकीने खिडकीतून बोट दाखवलं. उंच सुळक्यावर पांढरा ठिपका. “आई, ते त्साम्बिकाचं मंदिर. ज्यांना मूल होत नाही त्या बायका सप्टेंबरमधल्या उत्सवाला अनवाणी वर चढतात. तीनशेच पायऱ्या आहेत. झालेल्या मुलाचं नाव मग त्साम्बिकोस किंवा त्साम्बिका ठेवतात. उद्या सकाळी जाऊ या?”

“तुझ्या वेळी मी सप्तशृंगीला पायऱ्यांनीच गेले होते,” मी म्हटलं.

“हो ना? मग तुला सवय आहे.”

“मूल दे, एवढंच मागितलं होतं. घरात बसणारं दे म्हणायचं राहून गेलं.”

पुढच्या सीटवरून हे वळून म्हणाले, “तीनशे म्हणजे काहीच नाही. वरपर्यंत वाट आहे.”