हाती आलेला संघ आणि हातून गेलेले सामने

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात भारताचा फुटबॉल संघ बांगलादेशकडून ०–१ असा हरला, त्या रात्री बडोद्याहून धाकट्या भावाचा फोन आला. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात तो, त्याचा मुलगा आणि ऐंशी ओलांडलेले काका सामना बघत बसले होते, आणि मुख्य प्रशिक्षक खालिद जमील यांना आता काढून टाकावे यावर भाऊ आणि पुतण्या यांचे एकमत झाले होते. पुतण्याने हिशोबही मांडून ठेवला होता: आशिया चषकाच्या पात्रता फेरीत जमील यांच्या हाताखाली तीन सामने, एक बरोबरी, दोन पराभव. हिशोब बरोबर होता. तरीही गेली तेरा वर्षे जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये राहून प्रशिक्षकाची पारख कशी करतात हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्यामुळे मला त्यांच्या म्हणण्याला होकार देता आला नाही.

जमील यांची नेमणूक १ ऑगस्ट २०२५ची. तोवर पात्रता फेरीचे दोन सामने होऊन गेले होते. शिलाँगला बांगलादेशशी ०–० अशी बरोबरी झाली होती, हाँगकाँगमध्ये ०–१ असा पराभव झाला होता, आणि फक्त पहिला संघ पुढे जाणार असलेल्या चार संघांच्या गटात भारत तळाला होता. हे दोन्ही सामने मानोलो मार्केझ यांच्या कारकिर्दीतले. ते त्याच काळात एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते, आणि ही दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर भारतीय फुटबॉल महासंघाने सोपवली होती. भरीला, व्यावसायिक हक्कांच्या कराराचा घोळ न मिटल्यामुळे इंडियन सुपर लीग ही देशातली मुख्य क्लब स्पर्धा त्या वर्षी वेळेवर सुरूच झाली नाही, म्हणजे खेळाडूंच्या पायांत पुरेसे सामने नव्हते. अशा अवस्थेत जमील यांनी पहिल्या सहा आठवड्यांतच मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २–१ असे हरवले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पेनल्टींवर ओमानवर मात केली. पुतण्याच्या हिशोबात हे आलेच नव्हते.

मात्र जमील यांच्या पदरात जे माप पडायला हवे ते मी कमी करणार नाही. सिंगापूरमध्ये संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी खेळून भारताने ९०व्या मिनिटाला १–१ अशी बरोबरी साधली. पाचच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मडगावात छांगटेच्या गोलने आघाडी घेऊनही आपण सिंगापूरकडूनच १–२ असे हरलो. बरोबरीचा गोल मध्यंतराच्या तोंडावर झाला, दुसरा ५८व्या मिनिटाला. म्हणजे विश्रांतीत संघाची घडी बसवण्याची एक संधी होती, आणि नंतरही अर्धा तास हाताशी होता. या दोन्ही ठिकाणी प्रशिक्षकाचेच काम असते, आणि ते झाले नाही. पात्रतेची आशा तिथेच संपली. ढाक्यातल्या पराभवापेक्षा मला मडगावचा पराभव कितीतरी जड वाटतो.

आता फ्रायबुर्गचे सांगतो. इथल्या क्लबने डिसेंबर २०११च्या अखेरीस, संघ बुंदेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, सर्वांत शेवटी असताना, क्रिस्टियान श्ट्राइख यांना मुख्य प्रशिक्षक केले. ते १९९५पासून क्लबमध्येच होते, आणि बरीच वर्षे त्यांनी युवा विभागात मुलांना शिकवले होते. त्या हंगामात संघ बाराव्या स्थानी राहिला, पुढच्या हंगामात पाचवा आला, आणि २०१५मध्ये शेवटच्या दिवशी हॅनोव्हरकडून १–२ असा हरून खालच्या श्रेणीत ढकलला गेला. तो सामना मी शेजारच्या निवृत्त ट्रामचालकांच्या स्वयंपाकघरात बसून पाहिला. त्यांची एक चौकटीची वही आहे; तीत प्रत्येक सामन्यापुढे क्लबच्या स्वतःच्या फुटबॉल शाळेतून आलेल्या मुलांची नावे आणि ती किती मिनिटे खेळली ते लिहिलेले असते, निकाल अगदी शेवटच्या रकान्यात. शिट्टी वाजल्यावर ते बराच वेळ गप्प होते, डोळे ओले होते, आणि मग त्यांनी नवे पान काढून पुढच्या हंगामासाठी पट्टीने रेघा आखायला घेतल्या. प्रशिक्षकाला काढतील का, असे मी विचारले, तेव्हा त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. श्ट्राइख राहिले, वर्षभरात संघ खालची श्रेणी जिंकून परतला, २०२२मध्ये जर्मन चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, आणि २०२४मध्ये श्ट्राइख स्वतःहून बाजूला झाले.

हे ऐकून भाऊ म्हणाला, ‘‘दादा, तिथल्या लोकांना धीर आहे, आपल्याकडे नाही.’’ मला हे पटत नाही. जर्मनीतही बहुतेक क्लब प्रशिक्षक पटापट बदलतात. फ्रायबुर्गला धीर धरता आला, कारण आपल्याला प्रशिक्षकाकडून काय हवे आहे हे तिथे आधी ठरलेले होते: मुले घडवायची आणि ऐपतीत राहून वरच्या श्रेणीत टिकायचे. शिवाय क्लबचा प्रशिक्षक खेळाडूंना रोज पाहतो, तर राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला वर्षातून मोजके दिवस मिळतात. त्यामुळे फ्रायबुर्गची वही जशीच्या तशी भारताला लागू होणार नाही. राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे बघताना निवड, तयारी आणि सामन्यात केलेले बदल यांनाच अधिक वजन द्यावे लागेल.

मार्केझ यांच्याआधीचे राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांच्या बाबतीत आपण नेमके हेच चुकलो. २०२३मध्ये दक्षिण आशियाई देशांचा सॅफ करंडक जिंकून भारत जागतिक क्रमवारीत ९९वा झाला, तेव्हा त्यांचे गोडवे गायले गेले आणि ऑक्टोबरमध्ये २०२६पर्यंत करार वाढवला गेला. आठ महिन्यांनी, जून २०२४मध्ये, दोह्यात कतारकडून १–२ असे हरल्यावर त्यांना काढले. त्या सामन्यातला कतारचा पहिला गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर झाला होता, आणि त्याची जबाबदारी कोणत्याही प्रशिक्षकावर येत नाही. जानेवारीतल्या आशिया चषकात तीन पराभव झाले, एकही गोल झाला नाही, पण तयारीला जेमतेम दोन आठवडे मिळाले होते. मार्चमध्ये गुवाहाटीत, आपल्याच प्रेक्षकांसमोर, आघाडी घेऊन अफगाणिस्तानकडून १–२ असे हरणे हा मात्र निखळ त्यांचा दोष होता. काढायचेच होते तर त्या रात्रीनंतर, तेच कारण देऊन काढायचे.

आम्हा बडोदेकरांची नजर क्रिकेटच्या धावफलकावर तयार झालेली आहे, आणि तिथे कोणी काय केले हे एकेका नावापुढे दिसते. फुटबॉलमध्ये विजय, बरोबरी, पराभव हे तीनच रकाने उरतात, आणि तिन्ही एका माणसाच्या नावावर टाकले जातात. काकांनी तरुणपणी मल्लखांब शिकवला. इतका वेळ न बोललेल्या काकांनी भावाच्या हातून फोन घेतला आणि विचारले, ‘‘अरे, आखाड्यात वस्तादाचं नाव निघालं की आम्ही आधी विचारायचो, पोरगा आला तेव्हा कसा होता? या जमीलकडे पोरं आली तेव्हा कशी होती?’’ मी त्यांना शिलाँग, हाँगकाँग आणि रखडलेली लीग हे सगळे सांगितले, आणि मग मडगावचा तो अर्धा तासही सांगितला. ते म्हणाले, ‘‘मग त्या अर्ध्या तासाचं त्याला विचारा. बाकीचं ज्यांनी नेमलं त्यांना विचारा.’’ पुतण्याने फोन परत घेतला आणि मडगावचा सामना पुन्हा कुठे बघायला मिळेल ते मला विचारले.