सराव खूप झाला, आता पोरींना मॅचेस द्या

मार्च 2026 मध्ये ऑस्ट्रेलियात महिला फुटबॉलचा आशिया कप आहे आणि भारत त्यात खेळणार आहे. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). जपानने 2011 मध्ये वर्ल्ड कप जिंकलाय, व्हिएतनाम 2023 चा वर्ल्ड कप खेळून आलाय. निकाल काय लागायचा तो लागेल. हरलो तर "आपल्याकडे टॅलेंटच नाही" म्हणणारे येतील, एखादी मॅच जिंकलो तर "वाघिणी" म्हणून फोटो फिरतील. या दोन्हीच्या आधी मला जे वाटतं ते लिहून ठेवते. पोस्ट लांब आहे, पण फुटबॉलवर जीव असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या मुलींना सामने कमी मिळतात. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि हे दुखणं राष्ट्रीय संघापासून थेट आपल्या तालुक्यातल्या शाळेपर्यंत पोचलेलं आहे.

आधी चियांग माईबद्दल, कारण ती मॅच फार कमी लोकांनी पाहिली. जुलै 2025, थायलंड. पात्रता फेरीत भारताने मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0 आणि इराकला 5-0 हरवलं होतं. थायलंडनेही तेवढेच सामने जिंकले होते. दोघांचे गुण सारखे, दोघांचे गोल 22, दोघांवर एकही नाही. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. थायलंड क्रमवारीत 46 वा, भारत 70 वा. थायलंडच्या मुली दोन वर्ल्ड कप खेळलेल्या, आणि सामना त्यांच्याच घरात. बंगालमधल्या कल्याणीच्या संगीता बासफोरने लांबून मारलेला पहिला गोल पूर्वार्धात आला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी केली. मग 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. 2-1. शेवटची पंधरा-वीस मिनिटं मी घरात उभी राहून पाहिली, बसवतच नव्हतं. पात्रता फेरी खेळून, जिंकून, भारताच्या मुली आशिया कपला पोचल्या त्या पहिल्यांदाच.

आता याच्या मागे काय होतं ते बघा. सामन्यांआधी बेंगळुरूत पन्नासहून जास्त दिवसांचं शिबिर झालं होतं. त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण त्या शिबिराच्या आधी जानेवारी ते एप्रिल इंडियन विमेन्स लीग, म्हणजे आपली क्लबांची राष्ट्रीय लीग, झाली होती, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. संगीता त्या हंगामातल्या विजेत्या ईस्ट बंगालची खेळाडू. संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री त्याच्या आदल्या हंगामात ओडिशा एफसीला विजेतेपद मिळवून देऊन आलेला. म्हणजे हा संघ लीगमधून आला, शिबिराने त्याला फक्त धार लावली. मी कोल्हापूरची आहे, त्यामुळे मला हे तालमीच्या भाषेतच सांगता येतं: जोर-बैठका कितीही मारा, कुस्ती मैदानात धरल्याशिवाय पैलवान तयार होत नाही.

आणि मैदानापासूनच आपण मुलींना दूर ठेवलं, तेही कित्येक वर्षं.

हा इतिहास वाचला की मला अजून राग येतो. 1975 मध्ये भारतात महिला फुटबॉलची वेगळी फेडरेशन उभी राहिली. मुख्य फुटबॉल फेडरेशनचा तिच्याशी संबंध नव्हता. पैसा नाही, प्रसिद्धी नाही. तरी 1980 मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता झाला, चायनीज तैपेईकडून अंतिम सामना हरून. 1981 मध्ये हाँगकाँगला तिसरा. 1983 मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेता. त्याच वर्षी शांती मलिक अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू ठरली. आपल्या शेजारच्या गोव्याची योलांडा डिसोझा याच पिढीतली. आजच्या गोव्यात किती मुलींना हे नाव माहीत आहे, मला शंका आहे.

जपानच्या महिला संघाने पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो 1981 मध्ये, याच हाँगकाँगच्या स्पर्धेत. आपण तेव्हा आशियाचे उपविजेते होतो आणि जपान श्रीगणेशा करत होता! 1989 मध्ये जपानने महिलांची राष्ट्रीय लीग सुरू केली. 22 वर्षांनी ते विश्वविजेते झाले. आपली राष्ट्रीय लीग सुरू झाली 2017 च्या जानेवारीत. मधल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत आपल्याकडच्या किती पिढ्या खेळून, लग्न करून, नोकरीला लागून संपल्या? 2023 मध्ये ताश्कंदला ऑलिंपिक पात्रता सामन्यात जपानने आपल्याला 7-0 हरवलं. ते सात गोल त्या नव्वद मिनिटांत झाले असं मला वाटत नाही. ते तेव्हापासून चढत होते.

नव्वदीच्या सुरुवातीला महिला फुटबॉल मुख्य फेडरेशनकडे आलं. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, मणिपूरने ती वीसहून जास्त वेळा जिंकली. ओइनाम बेंबेम देवी त्याच मातीतली, पुढे पद्मश्री झाली. पण राज्याचा संघ एका गावात जातो, काही सामने खेळतो आणि घरी येतो, याला हंगाम म्हणत नाहीत. राष्ट्रीय संघाचे सामने तर इतके आटले की 2009 मध्ये फिफाने भारताला क्रमवारीतूनच काढून टाकलं. कारण दीड वर्षात आपण एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलो नव्हतो. हा निकाल मैदानावरचा नव्हता, आपल्या फुटबॉल कारभाराचा होता.

मग दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेने आपल्याला गुंगी आणली. 2010 पासून 2019 पर्यंत ओळीने पाच विजेतेपदं. शेजाऱ्यांना हरवतोय म्हणजे सगळं ठीक चाललंय असं वाटलं. 2022 ला काठमांडूत बांगलादेशने आपल्याला 3-0 हरवलं आणि उपांत्य फेरीत नेपाळने घरी पाठवलं. 2024 ला पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा नेपाळ. दोन्ही वेळा ट्रॉफी बांगलादेशने नेली.

बांगलादेशचं मात्र मनापासून कौतुक केलं पाहिजे. 2011 पासून त्यांनी प्राथमिक शाळांतल्या मुलींची देशभर फुटबॉल स्पर्धा घेतली. प्राथमिक शाळांची! मैमनसिंग जिल्ह्यातलं कलसिंदूर हे छोटं गाव त्यातून पुढे आलं आणि त्या एका गावातल्या मुली राष्ट्रीय संघात गेल्या. त्यांची क्लब लीग आपल्यापेक्षा चांगली आहे असं मी म्हणणार नाही, तिथेही अडचणी भरपूर आहेत. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या पायात चेंडू देण्याचं काम त्यांनी सरकारी यंत्रणेतून केलं. 2026 च्या आशिया कपला तेही पहिल्यांदाच पात्र ठरलेत.

आपली लीग सुधारते आहे हेही सांगते, नाहीतर अन्याय होईल. पहिल्या हंगामाची अंतिम फेरी दिल्लीत एकाच मैदानावर सहा संघांत तीन आठवड्यांच्या आत उरकली होती. 2023-24 पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने होऊ लागले. क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3 लाख 20 हजार द्यावेत असा नियम आला. महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. फार नाहीत, पण मुलगी घरी सांगू शकते की हे माझं काम आहे. तरीही 2024-25 मध्ये लीगमध्ये आठ संघ होते, म्हणजे एका खेळाडूला वर्षात फार तर 14 लीग सामने. इंग्लंडच्या लीगमध्ये 22, वर कप स्पर्धा वेगळ्या. मनीषा कल्याण सायप्रसला गेली, युरोपातली चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली, मग ग्रीस, मग पेरू. त्याआधी बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. या मुली बाहेर का जातात याचं एक मोठं उत्तर या आकड्यात आहे.

आता आपल्या घरचं.

2022 मध्ये महिला आशिया कप कुठे झाला? नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्यात बालेवाडीला. अख्खी स्पर्धा महाराष्ट्रात. भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली, आणि मग चायनीज तैपेईच्या सामन्याच्या दिवशी संघात कोरोनाचे इतके रुग्ण निघाले की मैदानात उतरवायला मुलीच पुरेशा नव्हत्या. संघ स्पर्धेतून बाद. वर्ल्ड कपला जायची वाट घरच्या मैदानातून निघत होती आणि आपल्या मुलींना ती चालायलाच मिळाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि पुन्हा नवी मुंबई. फायनल डी. वाय. पाटीलवर, स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं. आपल्या मुली अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0, ब्राझीलकडून 5-0 हरल्या. त्या संघात पुण्याची काजोल डिसोझा होती.

एका वर्षात दोन जागतिक दर्जाच्या स्पर्धा आपल्या राज्यात झाल्या. आणि 2024-25 च्या राष्ट्रीय लीगमधल्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नाही. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, ओडिशा, बंगाल आहेत. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या ट्रॉफीला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे आणि जिजाऊंच्या राज्यातला एक क्लब वरच्या लीगमध्ये नाही. मला हे मनाला लागतं.

आमच्या कोल्हापुरात तर सबबच नको. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला काय गर्दी होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल, हे सगळे तालीम-मंडळांचे संघ, प्रत्येकाचं आपलं पब्लिक, आपली घोषणा. अनिकेत जाधव इथूनच 2017 चा मुलांचा वर्ल्ड कप खेळायला गेला. एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ 2018-19 मध्ये राष्ट्रीय लीगला उतरला होता, म्हणजे इच्छा होती, मुलीही होत्या. त्या इच्छेला दरवर्षीचा हंगाम मिळाला असता तर आज चित्र वेगळं असतं. एकेका तालमीने मुलींचा एक संघ धरला तरी कोल्हापूरची स्वतःची लीग उभी राहते. मैदान आहे, पंच आहेत, पब्लिक आहे. पोरींना खेळताना बघायला पेठ येणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांना कोल्हापूर कळलेलं नाही.

पण खरी गळती शाळेत आहे, आणि हे फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. शाळेचा संघ पहिल्याच सामन्यात हरला की संपलं. म्हणजे जून महिन्यापासून पहाटे उठून सराव करणारी आठवीतली मुलगी वर्षात एक सामना खेळते. एक! तोही चिखलात, वेळ कमी करून, कारण मागे मुलांचे सामने खोळंबलेले असतात. माझी भाची अशीच खेळते. सराव भरपूर, सामने मोजके. एका स्पर्धेत तर "मुलींचे संघ कमी आलेत" म्हणून मुलींचा गटच ऐनवेळी रद्द झाला आणि आलेल्या पोरी किट घालून बसून राहिल्या. संघ कमी येतात कारण सामने होत नाहीत, आणि सामने होत नाहीत कारण संघ कमी येतात. हे चक्र आयोजकानेच तोडायचं असतं. चार संघ आले तर चारांची साखळी घ्या, प्रत्येकीला तीन सामने मिळतील. अकराच्या संघाला मुली पुरत नसतील तर सात-सातच्या खेळवा. यासाठी स्टेडियम लागत नाही, स्पॉन्सर लागत नाही, वेळापत्रक बनवणारा एक माणूस आणि दोन पंच लागतात.

हरियाणात भिवानी जिल्ह्यात अलखपुरा नावाचं गाव आहे. तिथल्या मुली फुटबॉल खेळतात हे आता देशाला माहीत आहे, संजू यादव तिथूनच भारतीय संघात आली. एका गावाला जमलं ते आपल्या एखाद्या गावाला का जमू नये?

अजून एक. मुलींच्या फुटबॉलवर बातमी करायची म्हटली की आपल्याला घरची गरिबी, गळकं छप्पर, शेतात राबणारी आई एवढंच दिसतं. ते खरंच असतं, नाकारत नाही. पण या मुली उत्तम फुटबॉल खेळतात म्हणून बातमीत यायला हव्यात. डांगमेई ग्रेस विंगवरून बचाव कसा फोडते, स्वीटी देवी बॉक्समध्ये वेळेवर कशी येते, हे लिहा ना. प्यारी खाखाने मंगोलियावर पाच गोल केले ते कसे केले, ते सांगा. आशालता देवी 2024 मध्ये भारतासाठी शंभरावा सामना खेळली, मराठीत त्यावर मला काहीच वाचायला मिळालं नाही.

2025 मध्ये वरिष्ठ संघामागोमाग 20 वर्षांखालच्या आणि 17 वर्षांखालच्या मुलीही आशिया कपला पात्र ठरल्या. म्हणजे मागून येणारी रांग आहे. तिला टिकवायचं असेल तर मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात काय होतं यापेक्षा त्यानंतरच्या जूनमध्ये आपल्या जिल्ह्यात मुलींचे किती सामने होतात हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

म्हणून जिल्हा संघटनांत, तालमींत, शाळांत जे कुणी माझ्या यादीत आहेत त्यांना हात जोडून विनंती आहे: येत्या हंगामाचं वेळापत्रक काढताना मुलींचे सामने शेवटी उरलेल्या दिवसांत कोंबू नका, आधी त्यांच्या तारखा लिहा, आणि शक्य तिथे बाद पद्धत सोडून साखळी घ्या. बाकीच्यांनी आपल्या गावात मुलींची मॅच कधी आणि कुठे आहे ते इथे लिहा. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडची असेल तर मी बघायला येईन, भाचीला घेऊन.