‘त्यु म मांक’मध्ये अवयव हरवत नाही

फ्रेंचबद्दल एक मजकूर फिरत असतो: “फ्रेंच माणूस ‘मला तुझी आठवण येते’ असं म्हणतच नाही. तो म्हणतो ‘त्यु म मांक’, म्हणजे ‘तू माझ्यातून हरवला आहेस’, जणू शरीराचा अवयवच गेला.” वाचायला गोड आहे, पण फ्रेंच शिकणाऱ्याला तो आडवाटेला नेतो.

‘माझ्यातून’ हे मुळात त्या वाक्यात नाही. इथे ‘म’ म्हणजे ‘मला’. ‘मांके’ या क्रियापदाचा साधा अर्थ उणं असणं, कमी पडणं. शर्टाचं बटण तुटलं तरी हेच क्रियापद येतं: ‘इल मांक अँ बुतों आ मा शमीझ’. मीठ कमी पडलं तर ‘इल मांक द्यु सेल’. मराठीत ‘मला पैसे कमी पडतात’ म्हणताना कर्ता पैसे असतो आणि झळ ‘मला’ लागते, बांधणी तीच. मराठी माणसाला हे वाक्य सोपं जायला हवं. इंग्रजीवरून रचायला गेलं की ‘झ त मांक’ तयार होतं, आणि त्याचा अर्थ उलटा: ‘तुला माझी आठवण येते’.

अवयवाची कल्पना मात्र अगदीच हवेतली नाही. लॅटिन ‘मांकुस’ म्हणजे हाताने लुळा, अपंग. त्यावरून इटालियन ‘मांकारे’ आणि तिथून हे फ्रेंच क्रियापद. पण आजच्या बोलणाऱ्याच्या कानाला ते ऐकू येत नाही.

हे क्रियापद फक्त विरहाचं, हेही खोटं. ‘मांके ल त्रँ’ म्हणजे गाडी चुकणं, ‘मांके आ सा पारोल’ म्हणजे शब्द मोडणं, ‘झे मांके तोंबे’ म्हणजे पडता पडता वाचलो.

खरी अडचण भूतकाळात आहे. ‘त्यु मा मांके’चे दोन अर्थ होतात: ‘मला तुझी आठवण आली’ किंवा ‘तुझा माझ्यावरचा नेम चुकला’. तृतीयपुरुषात गोंधळ मिटतो: ‘इल ल्वी आ मांके’ म्हणजे त्याची आठवण आली, ‘इल ला मांके’ म्हणजे नेम चुकला. पहिल्यात अप्रत्यक्ष कर्म आहे, दुसऱ्यात प्रत्यक्ष. इथे क्रियापदाचं रूप प्रत्यक्ष कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून बोलणारी स्त्री असेल तर आठवणीच्या अर्थी लिहिताना ‘मांके’च्या शेवटी जादा ‘ई’ (e हे अक्षर) जोडायचं नाही. नेमाच्या अर्थी जोडायचं.

आणि आठवणीचा कर्ता ‘मी’ होऊच शकत नाही? कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात सर्रास म्हणतात, ‘झ मांन्वी द त्वा’, म्हणजे ‘मला तुझी आठवण येते’, आणि इथे कर्ता ‘झ’ म्हणजे ‘मी’. फक्त ‘द’ सांभाळा: ‘आव्हेक त्वा’ म्हटलंत तर ‘तुझ्यासोबत कंटाळा येतो’ असा अर्थ होतो.