दोन एलओ (लोकल ऑसिलेटर) हवेत, आणि तेही एकमेकांपासून अलिप्त

फेज नॉइज (सिग्नलच्या फेजमधली बारीक थरथर) मोजण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल गोकुळ शिरगावहून एका वाचकांनी लिहिलंय: '७ गीगाहर्ट्झच्या ॲनालायझरवर १० गीगाहर्ट्झचा ऑसिलेटर मोजायला दोन मिक्सर आणि दोन एलओ ही उधळपट्टी आहे. एकच एलओ स्प्लिटरने वाटून दिला, आकडे आले. नंतर दोन वेगळे लावले, तरी मुख्य फ्रिक्वेन्सीपासून १०० हर्ट्झजवळची नॉइजची रेषा हलली नाही.'

सर, पहिला मुद्दा मला मान्य नाही. मिक्सर सिग्नलमधून एलओची फ्रिक्वेन्सी वजा करतो: १० गीगाहर्ट्झमधून एलओचे ९.६ गेले की उरलेली फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयएफ, ४०० मेगाहर्ट्झ. तो फ्रिक्वेन्सी उतरवतो, फेज नॉइज नाही; उलट एलओचा नॉइज त्यात जसाच्या तसा मिसळतो. क्रॉस-कोरिलेशन, म्हणजे दोन चॅनेलची मोजणी एकमेकांशी ताडून सरासरी काढणं, फक्त दोन चॅनेलमधला वेगळा नॉइज घटवतं: १०० सरासऱ्यांना १० डीबी, १०,००० ना २०. वाटून दिलेल्या एलओचा नॉइज दोन्हीकडे तोच, म्हणून लाख सरासऱ्या घेतल्या तरी तो जागचा हलत नाही.

दुसरी तक्रार रास्त आहे. लेखात हे लिहायचं राहिलं, चूक माझी. दोन्ही एलओ एकाच १० मेगाहर्ट्झ रेफरन्सवर (ज्याच्या तालावर एलओ चालतो त्या मूळ सिग्नलवर) लॉक आहेत का, ते आधी बघा. ९.६ गीगाहर्ट्झपर्यंत जाताना रेफरन्सचा नॉइज ९६० पटीमुळे जवळजवळ ६० डीबी चढतो, तोही दोन्हीकडे सारखाच. एका एलओची रेफरन्स केबल काढा, तो स्वतःच्या क्रिस्टलवर चालू द्या. रेषा खाली आली की दोष रेफरन्सचा. दोन आयएफमध्ये थोडा फरक पडेल. दोन स्वतंत्र इनपुटच्या डिजिटल ॲनालायझरला त्याची अडचण नसते.

शेजारी फोर्जिंगचा हॅमर आहे म्हणता, तर हादरेही तपासा. एका जीच्या (गुरुत्वत्वरणाएवढ्या) हादऱ्याला फ्रिक्वेन्सी एक अब्जांशाने हलेल इतका हळवा १०० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल उदाहरणाला घ्या. ५० हर्ट्झवर जीच्या शंभराव्या भागाचा हादरा त्यात उणे १०० डीबीसीचा (मुख्य सिग्नलच्या तुलनेत) स्पर, म्हणजे नको असलेली टोकदार रेषा, उठवतो, ९.६ गीगाहर्ट्झला तोच उणे ६०. दोन्ही एलओ एका टेबलावर असतील तर हादराही सामायिक, सरासरीने तो जाणार नाही. एक एलओ ९० अंशांत वळवा. स्परची उंची बदलली तर तो हादऱ्याचाच. मग टेबलं वेगळी करा.

तपासायच्या ऑसिलेटरचा सिग्नल दोन मिक्सरना वाटणाऱ्या स्प्लिटरचं आयसोलेशन (दोन फाट्यांमधली अलिप्तता) २० डीबीच्या आसपासच असतं, त्यातून एका एलओची गळती दुसऱ्या मिक्सरात जाते. प्रत्येक मिक्सरच्या आरएफ पोर्टला (सिग्नल आत येतो तिथे) ६ डीबीचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा भाग, लावा. सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा आयसोलेटर मिळाला तर आणखी चांगलं. आणि ९.२ गीगाहर्ट्झची इमेज (एलओच्या दुसऱ्या बाजूची, त्याच आयएफवर येऊन पडणारी फ्रिक्वेन्सी) अडवणारा फिल्टर स्प्लिटरच्या आधी बसवा, म्हणजे एकच पुरतो.